अहो-जाहो

कारखान्यात त्याला सगळे 'बिनचूक' म्हणायचे, आणि आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं दाखवण्यात त्याने एकोणीस वर्षं घालवली होती. तीन नंबरच्या लेथवर तो पंपाचे शाफ्ट कातायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या हातचा एकही जॉब इन्स्पेक्शनमधून परत आला नव्हता. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याच्या मायक्रोमीटरला दुसऱ्या कुणी हात लावला, तर दिवसभर त्याच्या कपाळावरची आठी जायची नाही.

पण ही गोष्ट त्याच्या बायकोची आहे. चुकलेल्या जॉबवर पट्टा ओढून तो परत पाठवायचा लाल रंगाचा डबा आणि ब्रश गेली दोन वर्षं तिच्या टेबलावर होते, म्हणून. आणि आपण सुरुवातीलाच ठरवून टाकू की दोघांनाही एकेरीच म्हणायचं. ती दोघं एकमेकांना काय म्हणत होती हीच तर सगळी भानगड आहे. त्यात आपली भर नको.

ती कारखान्यात आली ती पॅकिंगला. मागच्या शटरजवळ आठ बायका शाफ्टना तेल पुसायच्या, जाड कागदात गुंडाळायच्या आणि खोक्यांत भरायच्या. जमिनीवर एक पिवळा पट्टा होता. त्याच्या पलीकडे यंत्रं आणि अलीकडे बायका. पट्टा ओलांडायला कुणाची बंदी नव्हती, फक्त कुणी ओलांडत नव्हतं. शाफ्टबरोबर जो नकाशाचा कागद यायचा त्यावरच्या रेघा आणि आकडे ती गुंडाळता गुंडाळता बघायची. एका संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या कागदावर आकड्याच्या डोक्यावर दोन बारीक आकडे असतात, ते कशाला?"

माप किती इकडेतिकडे झालं तर चालतं ते, असं त्याने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मायक्रोमीटर घरी घेऊन आला. स्वतःचा, रुमालात गुंडाळून. हे केवढं मोठं काम त्याने केलं ते कारखान्यात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांनी पेल्याची कड मोजली, वहीचं पान मोजलं, तिचा केस मोजला, त्याचा केस मोजला. तिचा भरला मिलिमीटरचे सात शतांश, त्याचा नऊ. "बघ, मी तुझ्यापेक्षा जाडच," तो म्हणाला, आणि आपण विनोद केला हे लक्षात येऊन स्वतःच लाजला. त्याच टेबलावर त्याने तिला पहिला धडा दिला: लेथवरून उतरलेला जॉब गरम असतो, गरम लोखंड फुगतं, तेव्हा तो निवल्याशिवाय मोजायचा नाही.

मग तिने संध्याकाळच्या वर्गात डिप्लोमाला नाव घातलं. चार वर्षं. वर्गात बाई एकटी तीच, आणि वयाने सगळ्यांत मोठीही तीच. ती वर्गाला गेली की घर आणि लहानगी पोरगी त्याच्या अंगावर. पहिल्या महिन्यात त्याचा भात कधी दगड व्हायचा, कधी खळ. पण जो माणूस लोखंड मापात आणतो तो तांदळापुढे हात टेकणार नाही. महिन्याभराने भात मोकळा व्हायला लागला. त्याची मोठी बहीण एकदा येऊन हे सगळं बघून गेली आणि जाताना जिन्यात म्हणाली, "माझ्या भावाची बायको करून टाकलीस गं तू." ती म्हणाली, "ताई, मला अशी बायको मिळाली असती तर डिप्लोमा दहा वर्षांपूर्वीच झाला असता." बहीण पुढे सहा महिने आली नाही. त्या सहा महिन्यांत घर फार शांत होतं.

जुने इन्स्पेक्टर निवृत्त झाले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिला त्या टेबलावर बसवलं. तिच्याइतकं नकाशाचं वाचन तिथे कुणाचंच नव्हतं, बिनचूकचंसुद्धा नाही, आणि हे त्याने स्वतःच साहेबांना सांगितलं होतं. पिवळा पट्टा ती त्या दिवशी जी ओलांडून गेली ती गेलीच. पुरुषांना मात्र सवय व्हायला वेळ लागला. जन्मभर ते 'पहिली पाळी, दुसरी पाळी' म्हणत आले होते; ती आली आणि एका रात्रीत सगळे 'शिफ्ट' म्हणायला लागले. तिनेच एकदा मोठ्याने विचारलं, "उद्या पहिली पाळी कुणाकुणाची?" आणि नऊ बाप्ये एकाच वेळी आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती बिनचूकची. घरी तो तिला 'अगं' म्हणायचा, 'तू' म्हणायचा. ती त्याला 'अहो' आणि 'तुम्ही'. तिचं बरं होतं. घरातलं 'तुम्ही' तिला कारखान्यातही चालत होतं. त्याचं तसं नव्हतं. बाकी सगळे तिला मॅडम म्हणत. त्याने 'अगं' म्हणावं तर टेबलाचा मान जातो, आणि 'मॅडम, तुम्ही' म्हणावं तर जीभ वळत नाही. मग त्याने यातून वाट काढली. तो असं बोलायला लागला की वाक्यात माणूसच येऊ नये. "हे बघायचं का?" "आत घ्यायचं का?" "चहा झालाय का?" दोन वर्षं त्याने आपल्या बायकोशी कारखान्यात अशीच बिनमाणसाची वाक्यं बोलून काढली. पाच नंबरच्या लेथवरचा एकजण त्याची हुबेहूब नक्कल करायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद व्हायचा नाही.

रेडिओचं तिच्याशी वाकडं होतं. मागच्या महिन्यात तिने त्याचे दोन शाफ्ट मिलिमीटरच्या एका शतांशासाठी परत पाठवले होते. एक शतांश म्हणजे तिच्या केसाचा सातवा भाग. "घरच्या माणसाचे कसे कधी येत नाहीत परत?" असं तो तेव्हापासून येता-जाता म्हणायचा, तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. ती ऐकायची आणि पुढचा जॉब मोजायची. उत्तर तिच्याकडे होतं: घरच्या माणसाचे जॉब बरोबर असतात म्हणून.

त्या बुधवारी पावणेदोनला शाळेतून फोन आला. पोरगी वर्गात ओकली होती, अंगात ताप होता, कुणीतरी येऊन घेऊन जा. फोन आईला आला. असे फोन आईलाच येतात. इतकी वर्षं अशा फोनवर हातातलं टाकून तीच पळाली होती. पण त्या दिवशी दारात गाडी उभी होती, चाळीस खोकी तपासायची होती, आणि तिच्या सहीशिवाय एक खोकं हलणार नव्हतं.

ती तीन नंबरवर गेली. "शाळेतून फोन आलाय. पोरीला ताप आहे."

"मग निघायचं ना लगेच?" तो म्हणाला.

"कुणी?"

आता या प्रश्नाला बिनमाणसाचं उत्तर नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, दारातल्या गाडीकडे बघितलं.

"मी जातो," तो म्हणाला. "पाच शाफ्टचा शेवटचा कट राहिलाय. तेवढे उरकतो आणि जातो."

तो गेला. पोरीला घेतलं, डॉक्टरकडे नेलं, घरी आणून तिला पेज पाजली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा पोरगी झोपली होती आणि तो उशाशी बसून पेंगत होता. तिला त्याच्याविषयी इतकं भरून आलं की तिने त्याला उठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. शेजारच्या काकू लक्ष ठेवणार होत्या, म्हणून दोघंही कामावर आली. तिच्या टेबलावर तीन नंबरचे बारा शाफ्ट लावून ठेवलेले होते. तिने पहिले सात मोजले; बरोबर. आठवा मोजला आणि थांबली. आपला मायक्रोमीटर शून्यावर आणून तपासला. आठवा परत मोजला. मग नववा, दहावा, अकरावा, बारावा. पाचही शाफ्ट मापापेक्षा एका शतांशाने बारीक.

काय झालं ते तिला लगेच कळलं. पाचही त्याने गरम मोजले होते. फुगलेलं लोखंड मापात दिसलं, रात्रभरात निवलं आणि आखडलं. ज्या माणसाने तिला हा धडा पहिल्या दिवशी दिला तोच तो घाईत विसरला होता, आणि घाई कशाची होती तेही तिला माहीत होतं. काल ती स्वतः शाळेत गेली असती, तर हे पाच शाफ्ट आज बरोबर असते.

मॅनेजरसाहेब तिथून चालले होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले, आकडे बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एवढं चालून जातं हो. पंपाला काय कळतंय? आणि एकोणीस वर्षांचा प्रश्न आहे. बघा काय ते."

"साहेब, गेल्या महिन्यात पाच नंबरचे दोन एवढ्यासाठीच परत गेले," ती म्हणाली. "तेव्हा पंपाला कळत होतं का?"

साहेबांनी काखा वर केल्या आणि ते निघून गेले. आणि खरं सांगायचं तर तिने लगेच ब्रश उचलला नाही. तिच्यासमोर चहाचा कप होता, तो गार होईपर्यंत ती बसून राहिली. हे पाच सोडले तर कुणाला कळणार नव्हतं. फक्त उद्यापासून रेडिओ जे म्हणत होता ते खरं झालं असतं, आणि ती ज्या टेबलामागे बसली होती ते नुसतं टेबल उरलं असतं. परत पाठवले तर नवऱ्याचं नाव जाणार होतं. त्या माणसाकडे नावाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि तिला हे टेबल मिळालं त्यात त्याचे चार वर्षांचे भात होते. तिला रडू आलं नाही, राग आला. नेमका कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. मग तिने डबा उघडला आणि पाचही शाफ्टवर लाल पट्टे ओढले, बाकीच्यांच्या जॉबवर ओढायची तेवढेच रुंद.

ट्रॉली तीन नंबरवर गेली आणि कारखान्यातला आवाज एकेका यंत्राने कमी होत गेला. बिनचूक लाल पट्ट्यांकडे बघत राहिला. मग तळपायाची आग मस्तकात गेल्यासारखा ट्रॉली ढकलत टेबलापाशी आला.

"अगं ए, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दोन वर्षं सांभाळलेलं व्याकरण एका क्षणात गेलं. "माझे जॉब लाल करतेस? मायक्रोमीटर कसा धरायचा ते तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "म्हणून तुम्हाला विचारते. हे पाच कधी मोजलेत?"

"कधी म्हणजे? कातले आणि मोजले."

"कातल्यावर किती वेळाने?"

त्याने ट्रॉलीतल्या एका शाफ्टवर हात ठेवला.

"माझ्या मोजमापावर जाऊ नका," ती म्हणाली. "तुमचा मायक्रोमीटर आणा आणि आता मोजा. मी इथे उभी आहे."

त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून मायक्रोमीटर. आठवा मोजला. नववा मोजला. तो मोजत असताना त्याच्या बोटांकडे बघणं तिला जड गेलं, पण तिने नजर वळवली नाही. बारावा मोजून झाल्यावर त्याने तो हळूच, आवाज होऊ न देता खाली ठेवला.

तेवढ्यात रेडिओ वाजला. "घ्या! बायको साहेब झाली की नवऱ्याला पेज शिजवायला पळावं लागतं. मग हातात लेथ कसला राहतोय? बायकांची कामं करायला गेलं की असंच व्हायचं."

दोघं-तिघं हसले. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण बिनचूक तिच्या आधी बोलला. त्या माणसाला सलग पाच वाक्यं बोलताना तिथे कुणी ऐकलं नव्हतं.

"पोरगी तापली होती. तिला आणायला बापच गेला होता, दुसऱ्या कुणाचं काम करायला नाही. उद्या तापली तर उद्याही जाईन. जॉब गरम मोजला ही चूक माझ्या हाताची आहे. ती पोरीवर ढकलू नकोस आणि तिच्या आईवरही ढकलू नकोस."

रेडिओ गप्प बसला. कुणीतरी घड्याळाकडे बघितलं असावं, कारण पुढे कित्येक महिने तो किती मिनिटं गप्प होता यावर वाद चालला.

मग बिनचूक टेबलाकडे वळला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. सही कुठे करू, तुम्ही सांगा."

तिने रिजेक्शनचा कागद पुढे केला आणि जागेवर बोट ठेवलं. कारणाच्या रकान्यात त्याने स्वतःच लिहिलं, 'जॉब गरम असताना मोजला', खाली सही केली आणि तीन नंबरवर जाऊन नवं लोखंड बांधलं. तिला त्याचा अभिमान वाटला. पण दिवस पुढे सरकला तशी भीतीही वाटायला लागली. चारचौघांत शहाण्यासारखं वागलेला माणूस घरी गेल्यावर कसा वागेल, हे वीस वर्षांच्या संसारानंतरही तिला सांगता येईना.

तो साडेतीनला सुटला. ती कागद पुरे करून तासाभराने निघाली. त्या दिवशी स्वयंपाक त्याचा होता. जिना चढताना तिने वास घेतला. फोडणीचा वास होता. म्हणजे चूल तरी पेटली होती.

दार त्यानेच उघडलं. "या," तो म्हणाला. "बसा. पान वाढतो."

घरात तो तिला आजवर दोनदाच 'तुम्ही' म्हणाला होता. एकदा ती त्याच्या आईशी भांडली होती तेव्हा, आणि एकदा तिने त्याला न विचारता डिप्लोमाचा फॉर्म भरला होता तेव्हा. दोन्ही वेळा ते 'तुम्ही' आठवडाभर टिकलं होतं, आणि तो आठवडा तिला अजून आठवत होता.

ती हात धुऊन टेबलाशी बसली. पोरगी पांघरूण गुंडाळून आधीच बसलेली होती. ती आईलाही तू म्हणायची, बापालाही तू म्हणायची. तिच्या डोक्याला या गोष्टीचा त्रास कधीच झाला नव्हता. "बाबा, तू आईला 'बसा' काय म्हणतोयस?" तिने विचारलं आणि खिदळली.

"रागावलात का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग 'बसा' कशाला?"

तो डाव हातात धरून उभा राहिला. "दोन वर्षं जीभ वळत नव्हती. आज वळली, तर आता जागेवर यायला तयार नाही."

पोरगी परत हसली. आईला हसू आलं नाही. अजून खात्री पटत नव्हती. त्याने तिघांची ताटं वाढली आणि तो तिच्यासमोर बसला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तू मला 'तुम्ही' का म्हणतेस?"

"म्हणजे? आधीपासून म्हणते."

"पोरगी तू म्हणते. आई तू म्हणायची. रेडिओ तर 'अरे' म्हणतो. मला 'अहो' म्हणणारी एकटी तू. आज मी तुला 'तुम्ही' म्हटलं ते तू तिथे मोठी आहेस म्हणून. मग इथे तू माझ्यापेक्षा लहान आहेस का?"

हा प्रश्न वीस वर्षांत तिला पडला नव्हता, आणि त्याला पडला याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

"दोघांचं एकच असावं," तो म्हणाला. "तिथे दोघांनी तुम्ही म्हणावं. इथे दोघांनी तू."

"माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

"डिप्लोमा झाला तुझ्याच्याने."

तिने मान खाली घालून घास घेतला. चावला. भाजी अळणी होती. त्याने मीठ घातलंच नव्हतं. एवढा मोजूनमापून रांधणारा माणूस, दिवसभर त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते तिला त्या एका घासात कळलं, आणि तिची भीती गेली.

"मीठ घालायला विसर..." ती म्हणाली आणि थांबली. शब्दाचं शेपूट जिभेवरच राहिलं. पोरीचा घास हवेत थांबला. आईच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "विसरलास," ती म्हणाली. "मीठ घालायला विसरलास तू."

मिठाची बरणी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्याने ती घेतली नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय? मीठ?"

"मीठ नाही. पुढचं."

तिने परत म्हटलं, आणि या वेळी ती अडखळली नाही.